नंबरप्लेटमागचं लिंबू

आमच्या बदलापूरच्या बेलवलीत यशोधराला आता सगळे पिकअपवाली म्हणतात. सुरुवातीला हसून म्हणायचे, आता पत्ता सांगताना म्हणतात. पिकअपवालीच्या शेजारचं घर ते माझं. मी ह्या घरात एकवीस वर्षं राहते आहे आणि त्यातली चौदा वर्षं ती माझी शेजारीण आहे. मधली भिंत एकच. संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावते तेव्हा पलीकडून त्यांचं त्रिशरण-पंचशील ऐकू येतं. त्यांचं आधी संपलं तर यशोधरा मुद्दाम भांडी वाजवत नाही, माझी आरती होईपर्यंत थांबते. हे तिनं मला कधी सांगितलेलं नाही, मला आपलं कळतं.

तिचं माहेर उल्हासनगरचं, कॅम्प तीनच्या मागच्या वस्तीतलं. आजोबांनी छप्पन सालीच दीक्षा घेतलेली. वडील हातगाडीवर कापडाचे तागे वाहायचे. "आमचा वाहतुकीचाच धंदा आहे, ताई," ती म्हणते. "आधी माणूस ओढायचा, आता इंजिन ओढतं." तिचे मिस्टर भगवानभाऊ पिकअप चालवायचे. कॅम्प तीनमध्ये गोप शेठचा जीन्सचा कारखाना आहे. तिथं शिवून झालेल्या पँटींना जागोजाग दोरे लोंबत असतात, ते कापायचं काम घरोघरच्या बायका करतात. भगवानभाऊ सकाळी गठ्ठे उचलायचे, बदलापुरात आणि वांगणीकडच्या वाड्यांवर वाटायचे आणि दुसऱ्या दिवशी कापलेला माल परत न्यायचे. यशोधरा बरोबर जायची. गाडी चालू असताना तीही केबिनमध्ये बसून दोरे कापायची. तिचा हात कधी रिकामा मी पाहिला नाही.

गाडी शिकवली भगवानभाऊंनीच. "मला ताप आला तर शेठला काय सांगू?" म्हणून मैदानात नेऊन शिकवली, २००३ साली लायसन्स काढून दिलं. गल्लीत तेव्हा चेष्टा झाली. पण लायसन्स ट्रंकेत गेलं आणि चेष्टाही थांबली.

मग २००६ च्या मे महिन्यात अपघात झाला. वांगणीच्या अलीकडे भर दुपारी पुढचं डावं टायर फुटलं आणि गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. त्या दिवशी यशोधरा बरोबर नव्हती. भगवानभाऊंचा डावा पाय, म्हणजे क्लचचा पाय, गुडघ्यापासून खाली मोडला. सळ्या घातल्या. गॅरेजवाल्यानं गाडीचं तोंड ठोकून सरळ केलं, फुटलेल्या टायरच्या जागी स्टेपनी लावली आणि गाडी आणून आमच्या दारच्या जांभळाखाली उभी केली. तिथं ती आठ महिने उभी राहिली.

आठ महिन्यांत गाडीचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पांढरी गाडी, पण पांढरी म्हणायची सोय राहिली नाही. वर कावळ्यांची घाण, जांभळांचे डाग, झाडाचा चीक, खाली वाळलेला चिखल, आणि मागच्या फळीवर ओल्या जीन्सचा निळा रंग. येणारी-जाणारी पोरं धुळीवर बोटानं काहीबाही लिहायची. आणि नळावर बायका बोलायच्या. "ती गाडी लाभतच नाही." "लाभेल कशी? नवी आणली तेव्हा नारळ नाही फोडला, टायरखाली लिंबू नाही ठेवलं." "त्यांच्यात नाही करत." "नाही करत ना, मग भोगा." हे यशोधरा हंडा भरत असताना बोलायच्या, तिला ऐकू जाईल अशा बेतानं. ती हंडा डोक्यावर घ्यायची आणि म्हणायची, "झालं का बोलून? सरका." बस्स.

मी तिथंच उभी असायची. आणि माझी मान खाली असायची. का, ते पुढं सांगते.

भगवानभाऊंचा धाकटा भाऊ विक्रांत. अंबरनाथला कंपनीत कामाला. स्वभावानं वाईट नाही. अपघातानंतर दवाखान्यात रात्रंदिवस तोच बसला होता. पण गाडीचं नाव काढलं की त्याचं एकच: "पनवती गाडी आहे, काढून टाका." हळूहळू त्यानं भगवानभाऊंची मान हलवून घेतली. गाडी भगवानभाऊंच्या नावावर. त्यांचा पाय गेला होता आणि त्या पायाबरोबर त्यांचं बोलणंही गेल्यासारखं झालं होतं. ते नुसते "हं" म्हणायचे.

जानेवारीत गोप शेठचा निरोप आला. त्यांनी आठ महिने दुसऱ्या टेम्पोवर भागवलं होतं, आता तो टेम्पोवाला वर्षाचं काम पक्कं करून मागत होता. शेठनी यशोधराला फोनवर सांगितलं, "देख बेटी, मंडे को नौ बजे तेरी गाडी गेटपे खडी पायजे. नहीं तो मैं उसको हां बोलेगा. फिर मेरेको गाली मत देना." यशोधरा म्हणाली, "खडी मिलेगी." ड्रायव्हर कोण, हे शेठनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. पण लायसन्सवर मालाची गाडी धंद्यासाठी चालवायचा बॅज तिनं दिवाळीतच चढवून आणला होता, कोणाला न सांगता. मला मात्र दाखवला होता.

तिकडे विक्रांतनं शुक्रवारी गिऱ्हाईक आणायचं ठरवलं. शुक्रवारी अंबरनाथच्या कंपन्यांना सुट्टी असते. म्हणजे शुक्रवारी गाडी विकली गेली की सोमवारी गेटवर उभं करायला काही उरणारच नव्हतं. ह्या दोन दिवसांच्या मधे यशोधरा होती.

शुक्रवारी सकाळी सातला मी दार उघडलं तर ती साडीचा पदर खोचून, बादल्या मांडून गाडीपुढं उभी.

"यशोधरा, अगं आज विकायची ना गाडी?"

"कोण म्हणतं?"

"विक्रांत गिऱ्हाईक आणतोय म्हणे."

"आणू दे. आलेल्या माणसाला पाणी देईन. ताई, तुमच्याकडं शांपूच्या पुड्या आहेत?"

मी चार पुड्या दिल्या आणि मदतीला म्हणून चिंध्यांचं गाठोडं घेऊन आले. आमच्या भागात घराघरात जीन्सच्या चिंध्या असतात. आम्ही त्यानं ओटा पुसतो, पाय पुसतो, पोरांच्या उशा भरतो. तेव्हा गाडी पुसायलाही तेच, असं मी धरून चालले. ती टपावर चढून पाणी मारत होती तेवढ्यात मी खाली दारावर एक ओली चिंधी घेऊन जोरात घासायला लागले. चांगलं हातभर घासलं आणि बघते तर दार निळं झालेलं, आणि निळ्यातून नखं ओढल्यासारखे ओरखडे.

घरातून भगवानभाऊ ओरडले. आठ महिन्यांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "बनूताई! ती जीन्स आहे! कोरी जीन्स! रंग सोडते ती! कलर गेला!"

"अहो पण पुसायचीच चिंधी आहे ना?"

"ओटा पुसायची! गाडीला मऊ सुती लागतं!"

यशोधरा वरून वाकून बघत होती. मला वाटलं आता रागावणार. ती हसत सुटली. "जाऊ द्या ताई. निदान ह्यांचा आवाज तरी निघाला."

मी घरात गेले आणि माझं एक जुनं सुती लुगडं फाडून आणलं. मग तिनं मला शिकवलं. आधी नुसतं पाणी, धूळ भिजवून सोडायची, कोरडी धूळ घासायची नाही. मग टपापासून सुरू करून खाली यायचं, चाकांना लावलेला बोळा परत दाराला लावायचा नाही. चीक निघत नाही तिथं रॉकेलचा बोळा अलगद फिरवायचा आणि लगेच शांपूनं धुवायचं. ऊन यायच्या आत आटपायचं, नाहीतर साबण पत्र्यावर वाळून डाग पडतात. भगवानभाऊ खुर्ची दारात ओढून बसले होते आणि "तिथं राहिलं, काचेच्या रबराखाली," असं बोट दाखवत होते. माझा निळा डाग तिनं रॉकेलनं काढला. ओरखडे राहिले. अजून आहेत.

नऊच्या सुमाराला गाडी पांढरी झाली. खरंच पांढरी. समोरच्या काचेवर भगवानभाऊंनी रंगवून घेतलेली 'जय भीम' ही निळी अक्षरं धुळीतून वर आली आणि गल्लीतल्या बायका आपोआप बाहेर आल्या.

मग ती मागं गेली. मागची नंबरप्लेट वाकडी झाली होती, तिच्या मागं चिखल भरला होता. तिनं बोटं घालून चिखल काढला आणि तिच्या हाताला काहीतरी लागलं. तारेत ओवलेलं. तिनं ओढून काढलं.

एक बिब्बा, सुपारीसारखं वाळून काळं झालेलं लिंबू आणि मिरच्यांचे देठ.

मी हातातला बोळा बादलीत टाकला.

"हे कुणी बांधलं?" ती हळूच म्हणाली. आवाज मोठा नव्हता, बायका लांब होत्या.

"मी," मी म्हटलं. "यशोधरा, मी बांधलं गं. तुमच्यात चालत नाही हे मला माहीत आहे. पण भगवानभाऊ रात्री वांगणीच्या रस्त्यानं यायचे, मला झोप लागायची नाही. दसऱ्याला बांधलं. तुला दिसू नये म्हणून मागं."

"कुठल्या दसऱ्याला?"

"परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या. अपघाताच्या आधीच्या."

मला वाटलं आता ह्या भिंतीपलीकडचं सगळं संपलं. मी तिचा धर्म तिला न विचारता मोडला होता. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती काहीतरी जुळवत होती.

"म्हणजे मे महिन्यात हे होतं इथं."

"होतं."

"गाडी मोरीवर गेली तेव्हा?"

"होतं की गं."

"बरं," ती म्हणाली आणि ते लिंबू तिनं कमरेला खोचलं. "ताई, एवढी बादली भरून देता?"

मी बादली भरून आणली तोवर ती गाडीच्या मागच्या हौद्यात चढली होती. तिथं ताडपत्रीखाली ते फुटलेलं टायर तसंच पडून होतं, गॅरेजवाल्यानं टाकलेलं. आठ महिन्यांत त्याला कोणी हात लावला नव्हता. तिनं ते खाली ढकललं आणि ब्रश घेऊन घासायला बसली. मी म्हटलं, "आता हे कशाला? फुटकं ते फुटकं." तिनं ऐकलं नाही. काळं पाणी निघालं. बूटपॉलिशसारखं काळं, निघतच राहिलं. आणि त्याखाली टायरच्या कडेनं गोल फिरलेली एक शिवण दिसायला लागली, जिथं जुन्या टायरवर नवं रबर चिकटवतात तशी. वरचा अर्धा पट्टा सोलून गेलेला होता. तिनं अंगठ्यानं बाजूवरचा एक आकडा पुसला. १, १, ०, १.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"अकरावा आठवडा, दोन हजार एक साल. टायर बनलं त्याची तारीख." मग ती उठून उरलेल्या तीन चाकांपाशी गेली, ब्रश मारला, वाकून बघितलं. मागच्या दोन्ही टायरांवर तीच शिवण, पुढच्या उजव्यालाही तीच.

ती टायरं २००५ च्या दिवाळीत घेतली होती. नवी म्हणून. मला आठवतं, कारण विक्रांत ती रिक्षात घालून घेऊन आला होता, ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात. चकचकीत काळी. दादाला दिवाळीची भेट म्हणून भाड्याचे पैसेही त्यानं घेतले नव्हते.

यशोधरा दारात गेली आणि भगवानभाऊंसमोर उकिडवी बसली. "तुम्हाला माहीत होतं?"

ते पायाकडं बघत म्हणाले, "त्याच दिवशी कळलं. खाली पडलो होतो तिथून रस्ता दिसत होता. रबराचा पट्टा पडला होता रस्त्यावर, अख्खा."

"आणि आठ महिने मी नळावर ऐकून घेतलं. लिंबू नाही, नारळ नाही."

"धाकटा आहे तो, यशो. त्यालाही फसवलंच ना कुणीतरी. त्याला कळलं तर तो जन्मभर…"

"त्याला कळलेलं आहे," यशोधरा म्हणाली. "म्हणून तर गाडी विकायची घाई."

अकराला विक्रांत आला. बरोबर भंगारवाला, तोंडात पान, हातात काठी. काठीनं त्यानं गाडीचा पत्रा वाजवला.

"काठी खाली," यशोधरा म्हणाली.

"वहिनी, हे धुतलंत कशाला?" विक्रांत हसण्यावारी न्यायला बघत होता. "हे वजनावर घेणार आहेत, पाण्याचं वजन नाही धरत."

"मग आल्या पावली जा म्हणावं. गाडी द्यायची नाही."

"दादाशी बोलणं झालंय माझं."

"तेव्हा झालं असेल. आत्ता परत बोला."

"वहिनी, ऐका माझं." त्याचा आवाज चढला. गल्ली गोळा झाली होती, त्यानं गल्लीकडं बघूनच म्हटलं, "ही गाडी लाभत नाही. सगळे म्हणतात. मीही नाही मानत ह्या गोष्टी, पण दादाचा पाय गेला ना? आणि आता तुम्ही चालवणार! सोमवारी तुमचं काही झालं तर?"

मागून कुणीतरी लागलीच म्हणालं, "खरं आहे. साधं लिंबूसुद्धा नव्हतं बांधलेलं."

यशोधराच्या कमरेला लिंबू होतं. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं ते काढलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं कुणी बांधलं, आणि ती ते माझ्यावर येऊ देणार नव्हती. मग मला राहवलं नाही. मी सोमवार धरणारी बाई, माझं सगळं माहेर अंबरनाथच्या शिवमंदिराच्या सावलीत वाढलेलं. मी पायरीवर चढून म्हटलं, "लिंबू होतं. मी बांधलं होतं. बिब्बा, मिरच्या, सगळं. अपघात झाला तेव्हा ते जागेवर होतं. यशोधरा, दाखव."

तिनं दाखवलं. नळावरच्या सखूबाईनं तोंडाला पदर लावला.

"बनूताई, तुम्ही?" विक्रांत म्हणाला.

"मीच. तुम्हाला न विचारता. माझी चूक झाली ती झाली. पण लिंबू नव्हतं असं आता कुणी म्हणायचं नाही. माझ्यासमोर तर नाहीच."

मग यशोधरानं ते फुटलेलं टायर उभं केलं आणि विक्रांतच्या पायापाशी ढकलत नेलं. धुतलेलं टायर, शिवण वर, आकडा वर. विक्रांत खाली वाकला. आकडा त्याला वाचता येत होता, कंपनीत तो मशिनवरचाच माणूस. त्यानं आकड्यावरून बोट फिरवलं.

"भाऊजी," यशोधरा इतक्या हळू म्हणाली की माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल, "पनवती म्हणू नका तिला. तेवढंच."

दारातून भगवानभाऊंचा आवाज आला. "विकी. त्यांना चहा पाज आणि पाठव. गाडी विकायची नाही."

भंगारवाला चहा पिऊन गेला. विक्रांत चहा न पिता गेला.

शनिवारी टायर. पैशाचं मी लिहीत नाही. ते तिचे होते, दोरे कापून साठवलेले होते, एवढं पुरे. कॅम्प तीनला वासू शेठचं टायरचं दुकान आहे, तिथं ती गाडी घेऊन निघाली. मलाही बसवलं. "ताई, तुम्ही बांधलेलं काढलं मी, तर आता तुम्हीच बसा शेजारी." त्या तीन शिवणीच्या टायरांवर आणि चौथ्या स्टेपनीवर ती इतकी हळू गेली की अंबरनाथपर्यंत सायकलवाले पुढं जात होते आणि मागचे रिक्षावाले हॉर्न मारून शिव्या घालत होते. तिनं एकदाही रस्त्यावरची नजर काढली नाही. मी सोमवारच्या स्तोत्राचा शनिवारीच जप करत होते.

वासू शेठ गादीवरून उठलेच नाहीत. माझ्यामागं बघत म्हणाले, "ड्रायव्हर किधर है?"

"मी आहे," यशोधरा म्हणाली.

"अरे नहीं बहेनजी, गाडी का ड्रायव्हर. टायर का बात उससे करेगा."

"गाडी आत्ता कुणी आणून लावली तुमच्या दारात? ह्यांनी?" तिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांना सायकल येत नाही."

शेठ हसले. पोऱ्याला हाक न मारता स्वतः उठले आणि चार टायर पुढं ठेवले. काळे, चकचकीत. "एकदम फ्रेश माल. कंपनी पीस."

तिनं त्यावर अंगठा फिरवला, अंगठा काळा झाला. तो तिनं शेठना दाखवला. "हे तोंडाला लावायचं आहे का टायरला?" मग आकडा शोधला. "दोन हजार तीन. तुमच्याकडं तीन वर्षं नुसतं बसून आहे शेठ, ह्याला पेन्शन द्या."

"टायर थोडी सडता है बसके?"

तिनं हौद्यातून ते फुटकं टायर ओढून काढलं आणि दुकानाच्या फरशीवर आडवं टाकलं. "हे बघा. माझ्या मिस्टरांचा पाय ह्याच्यात गेला. मला असं शिवणीचं रिमोल्ड नको, पॉलिश नको, जुनं नको. मागच्या वर्षी बनलेलं असेल तर काढा, नाहीतर पुढं दुकानं आहेत."

शेठनी ते टायर बघितलं, सोललेला पट्टा हातानं उचलून परत ठेवला. चष्मा काढला. आणि मग ते वेगळ्याच आवाजात बोलायला लागले, जसं धंद्यातल्या माणसाशी बोलतात. "आगे सीधी लाइन की नक्षीवाला डालो, स्टिअरिंग हलका रहेगा. पीछे बटनवाला, लोड में पकडेगा. और ट्यूब?"

"ट्यूबही नवी. नव्या टायरात जुनी ट्यूब घालून देऊ नका."

आतल्या खोलीतून कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेले चार टायर आले. तिनं चारही आकडे वाचले, एक परत पाठवला, दुसरा मागवला. काम सुरू झालं तेव्हा फाटकातून विक्रांत आत आला. कंपनीचा शर्ट अंगावर, पहिली पाळी सोडून आला असावा. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या, जॅकपाशी बसला आणि पाना हातात घेतला.

"नट उलटसुलट आवळा," यशोधरा म्हणाली. "एका ओळीनं नको."

"माहीत आहे वहिनी."

एवढंच बोलणं झालं. पण ट्यूबला पावडर लावताना मी बघितलं, तो प्रत्येक टायरच्या आतून हात फिरवून बघत होता, एखादा खडा राहिलाय का म्हणून. चारही.

सगळं झालं तेव्हा शेठनी गल्ल्याजवळच्या पिशवीतून चार लिंबं काढली, चारी चाकांपुढं एकेक ठेवलं आणि बाजूला होऊन म्हणाले, "चलो बहेनजी, निंबू के ऊपर से निकालो. शगुन का है, अपनी तरफ से."

माणूस मनानं देत होता. माझा हात नकळत कपाळाकडं गेला. विक्रांत यशोधराकडं बघत होता, आणि मला वाटतं त्यालाही त्या क्षणी वाटत होतं की चिरडून टाकावीत, काय जातं.

यशोधरा केबिनमध्ये चढलेली, ती खाली उतरली. पदरात एकेक करून चारही लिंबं गोळा केली.

"शेठ, लिंबं फार चांगली आहेत. रस्त्यावर कशाला? आज घरी सरबत करते. तुमच्या नावानं पिऊ."

"अरे पर बेटी, शगुन…"

"तारीख वाचली ना मी चारही टायरांची. माझ्यासाठी तेवढा शगुन बास आहे."

शेठनी दोन्ही हात वर केले. "चल, जा. तेरे को कौन बोलेगा."

निघताना विक्रांतनं ते फुटकं टायर खांद्यावर घेतलं. "हे मला द्या वहिनी. ज्यानं दिलं त्याच्या दारात नेऊन टाकतो."

"एकटे जाऊ नका. आणि मारामारी नको."

"मारामारी नाही. त्याला आकडा वाचून दाखवतो." तो गेला खरा. तिथं काय झालं ते त्यानं घरी सांगितलं नाही, पण त्या माणसाच्या दुकानाबाहेर ते टायर आठवडाभर पडून होतं हे मी स्वतः पाहिलं.

संध्याकाळी सरबत झालं. यशोधरानं नळावरच्या बायकांनाही दिलं. सखूबाईनं पेला हातात घेऊन विचारलं, "कसलं गं?" यशोधरा म्हणाली, "टायरखालचं." सखूबाईनं पेल्याकडं बघितलं आणि सरबत पिऊन टाकलं.

सोमवारी सकाळी सातला तिनं गाडी काढली. निघायच्या आधी ती गाडीला हात जोडत नाही. चारी बाजूंनी फिरते, प्रत्येक टायरवर एक लाथ मारते, वाकून खाली बघते. भगवानभाऊ कुबडी घेऊन दारापर्यंत आले होते. "वळणावर घाई करू नको." "बरं." "शेठ काही बोलला तर…" "तो बोलेल मराठीत-हिंदीत, मी ऐकेन मराठीत-हिंदीत. तुम्ही गोळी घ्या वेळेवर."

सोमवार माझा शिवमंदिराचा. तिनं मला वाटेत अंबरनाथला सोडलं. मंदिराच्या रस्त्याला गाडी थांबवली तर फुलवाली उठून बघायला लागली, बाई उतरली आणि बाईनंच गाडी काढली.

गेटवर काय झालं ते तिनं संध्याकाळी सांगितलं. पावणेनऊला ती पोचली. तो दुसरा टेम्पोवाला गेटला गाडी लावून बिडी ओढत होता. ती म्हणाली, "दादा, जरा मागं घ्या." तो म्हणाला, "ड्रायव्हरला बोलाव." तिनं रिव्हर्स टाकला, आरशात बघत त्याच्या टेम्पोच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत पिकअप अशी घातली की दोन्ही बाजूंना हातभर जागा राहिली. गोप शेठ वरून गॅलरीतून बघत होते. त्यांनी वरूनच हमालांना हाक मारली, "अरे, लोड करो."

"बस्स? एवढंच म्हणाले?" मी विचारलं.

"अजून काय पाहिजे, ताई? लोड करो म्हणाले."

त्या सकाळी मी देवळाच्या पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले, हात जोडले. दर सोमवारी काही ना काही मागते, त्या दिवशी मागायला तोंड उघडलं आणि काही सुचेना. शेवटी मी महादेवाला एवढंच सांगितलं की टायर नवे आहेत, मी स्वतः बघितले, २००६ सालचे आहेत.